पाठमोरी रापण

सिनेमा ही साऱ्या मानवजातीची सामाईक भाषा आहे. हे वाक्य माझं नाही. आमच्या किनाऱ्यावर सुरूच्या दोन झाडांना बांधलेल्या फलकावर ते छापलं होतं आणि त्याखाली समुद्राचं चित्र होतं. खरा समुद्र चार पावलांवर होता, पण चित्र हवंच. मुंबईहून आलेले पाहुणे ते वाक्य वाचून गंभीर झाले. आमची माणसंही गंभीर झाली, पण वेगळ्या कारणानं. सिंधुदुर्गात 'सामाईक' हा शब्द फार जपून वापरतात. सामाईक विहीर, सामाईक आंबा, सामाईक वाट. शब्द उच्चारला की पाठोपाठ वकील येतो. माझ्या मागच्या खुर्चीवरून कुणीतरी हळूच विचारलं, "भाषा पण सामाईक झाली? मगे सात-बारार नाव कोणाचा?"

आपण घरी आलो आहोत हे मला तेव्हा कळलं.

किनारा तारकर्लीच्या अलीकडचा. मी इथं वाढले आणि बऱ्याच वर्षांनी अशी संध्याकाळी वाळूत उभी होते. आता इथं रंगीत छत्र्या बांधून माणसांना आकाशात उडवतात आणि नळ्या लावून पाण्याखाली नेतात. पूर्वी मासे वर यायचे, आता माणसं खाली जातात. तरी संध्याकाळचा वारा तोच होता, खारट, जरासा कुबट, आणि त्यात कुठूनतरी सुकत घातलेल्या बांगड्यांचा वास. त्या वासानं मी एकदम चौथीत गेले.

चौथीत असताना आमच्या गावात फ्रान्सची बाई आली होती. तिचं नाव सोलांज. हे नाव गावानं दोन दिवस तोंडात घोळवून बघितलं आणि मग तिला सुलोचना करून टाकलं. तिच्याबरोबर एक उंच, बारीक कॅमेरावाला होता आणि आवाज टिपणारा एक दाढीवाला. दाढीवाल्याच्या हातात लांब काठी, काठीच्या टोकाला केसाळ करड्या रंगाचं बोंडकं. आम्ही त्याला काठीवरचं मांजर म्हणायचो. गावातल्या कुत्र्यांचंही तेच मत होतं. ते मांजर बाहेर पडलं की कुत्री किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याच्यामागून भुंकत जायची, आणि दाढीवाला डोळे मिटून, कानाला यंत्र लावून, समाधी लागल्यासारखा ऐकत राहायचा.

सुलोचना आमच्या पडवीत राहायची. खाली चटईवर बसून जेवायची, सोलकढी ओंजळीत घेऊन प्यायची, आणि आईनं वाढलेल्या प्रत्येक पदार्थाकडे आधी नाक नेऊन, डोळे बारीक करून, मग हसायची. तिला आमच्यातलं काही येत नव्हतं. 'बरा आसा' एवढे दोन शब्द ती सगळ्याला वापरायची. मासा बरा आसा, पाऊस बरा आसा, विंचू निघाला तोही बरा आसा. ती कशासाठी आली हे गावात कुणी फारसं विचारलं नाही. ती रापण बघायला आली होती, म्हणजे तिला अक्कल होती, एवढं पुरेसं होतं.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी ते घेऊन पाण्यात अर्धा फेरा मारायची, जाळं सोडत सोडत परत यायची आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर द्यायची. मग दोन रांगा लागायच्या. म्हातारे, पोरगे, नवी लग्नं झालेले, एकाच विहिरीवरून कोर्टात उभे असलेले वादी आणि प्रतिवादी, सगळे एका दोराला. समुद्राकडे तोंड करून ओढायचं आणि पाठीनं मागे मागे यायचं. ओल्या काथ्याचा वास, वाळूवरून सरकणाऱ्या दोराची खरखर, कुणाच्यातरी गळ्यातून निघालेली आरोळी आणि तिला सगळ्यांच्या छातीतून आलेलं उत्तर. जाळं जवळ यायला लागलं की पाणी आतून उकळल्यासारखं व्हायचं आणि बायका पाट्या घेऊन गुडघाभर पाण्यात शिरायच्या. आम्हा मुलांना ओंजळ ओंजळ तारल्या मिळायच्या, बोटाएवढे चंदेरी मासे. मी त्या फ्रॉकच्या खिशात भरायचे. तो फ्रॉक आईनं कितीही धुतला तरी शाळेत माझ्या बाकावर कुणी बसत नसे, मांजर सोडून.

तो सगळा हिवाळा कॅमेरा चालू होता. नंतर ते तिघं गेले. सिनेमा फ्रान्समध्ये लागला, म्हणे गाजला. गावानं तो कधी पाहिला नाही, आणि न पाहिलेला सिनेमा जसा मोठा होत जातो तसा तो होत गेला. कुणाचा आजोबा त्यात हिरो होता, कुणाच्या बैलाला बक्षीस मिळालं होतं. पुढे रापणी कमी होत गेल्या, दोर कुणाकुणाच्या माळ्यावर कुजले. पण 'मी फ्रान्सात दिसतंय' असं सांगणारी माणसं मात्र दर गणपतीला वाढत होती. त्यातली काही त्या हिवाळ्यात जन्मलीही नव्हती.

आणि आता सुलोचना परत आली होती, सिनेमा घेऊन. आधी तो दाखवायचा आणि मग तिच्याशी चर्चा. गावाच्या ग्रुपवर निरोप आला तेव्हापासून मला धड झोप नव्हती. पन्नाशी ओलांडलेल्या बाईनं असं होऊ नये, पण होत होतं. मी एकटीच नव्हते. मंडपवाल्यानं कट्टा गावाहून खुर्च्या आणल्या त्या दुपारीच भरल्या. मिठबावला दिलेल्या मुली नवऱ्यांना घेऊन आल्या. माणसं आंघोळ करून, पावडर लावून, लग्नाला यावं तशी आली होती. आपापल्या वाडवडिलांना भेटायचं होतं ना.

माझ्या शेजारी शेवंतीकाकी बसली होती. आमच्या घराला लागून तिचं घर. बाजारात मासे विकण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आता ती ऐंशीच्या घरात आहे आणि फक्त मतं विकते. तिचा नवरा रामो, आमचे रामोकाका. त्यांचं हसणं पहिल्यांदा ऐकणारा दचकायचा, आणि त्यांच्या खिशात नेहमी गुळाचा खडा असायचा, विडीचा वास लागलेला. सुलोचना आली त्या हिवाळ्यात ते होते. पुढच्या एका पावसाळ्यानंतर नव्हते. कसं, ते आमच्याकडे कुणी सांगत नाही, मीही सांगत नाही.

त्यांचा एकच फोटो होता, लग्नानंतर मालवणला स्टुडिओत काढलेला. आमच्या पावसात फोटो फार दिवस माणसाचा राहत नाही. भिंतीतली ओल आली, बुरशी आली, आणि हळूहळू रामोकाकांचा चेहरा गेला. कोट राहिला. कोट स्टुडिओवाल्याचा होता. गेली कित्येक वर्षं काकी त्या परक्या कोटाला हार घालत होती.

कार्यक्रमाला निघताना ती आमच्या दारात आली. ठेवणीतलं लुगडं, चष्म्याची काच पदरानं पुसून पुसून धूसर केलेली. मला म्हणाली, "बाय गो, माझ्या बाजूक बस. माका आता तेंचा तोंड आठवत नाय. कोणाक सांगा नको."

तोंड आठवत नाही, हे तिनं मासळी संपली म्हणावं तितक्याच साधेपणानं सांगितलं. मी तिचा हात धरला तो सिनेमा संपेपर्यंत सोडला नाही.

दिवे लागले आणि कार्यक्रमाची सुरुवात दीपप्रज्वलनानं झाली. वाऱ्यानं समया पेटू दिल्या नाहीत, तेव्हा त्या पेटल्या आहेत असं समजून टाळ्या झाल्या. मग संचालनाची सूत्रं मुंबईच्या एका गृहस्थांनी हाती घेतली. चित्रपटांचे अभ्यासक, खादीचा झब्बा, खांद्यावर शबनम, आणि वाक्याच्या शेवटी डोळे मिटायची सवय. त्यांनी बोलायला सुरुवात केली तेवढ्यात गावचे मानकरी तात्या उठले. आमच्याकडे कार्य कुठलंही असो, आधी देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय होत नाही. तात्यांनी समुद्राकडे तोंड केलं, हात जोडले आणि सूर लावला.

"बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकरांनी आज हय सिनेमाचा कार्य मांडल्यानी आसा, ता सुखरूप पार पाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," सगळा किनारा म्हणाला.

"सात समुद्रापलीकडसून आमची सुलोचना इलेली आसा, तिका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि लाईट जाव देव नको रे म्हाराजा!"

यावरचं 'व्हय म्हाराजा' इतकं मोठं होतं की सुरूच्या झाडावरचे कावळे उठले. पहिल्या रांगेत सुलोचना दोन्ही हात गालांवर ठेवून बघत होती. तिचे केस पांढरे झालेत, कापलेले, वाऱ्यानं उभे. उठून तिनं फक्त दोन शब्द उच्चारले, तेच जुने, आणि गाव वेडं झालं.

पडदा वाऱ्यानं शिडासारखा फुगत होता. त्यावर आमचा किनारा उगवला. छत्र्या नाहीत, फलक नाहीत. नुसती वाळू, धुकं आणि आमची भुंकणारी कुत्री. दाढीवाल्यानं एकाही कुत्र्याला वगळलं नव्हतं. मग दोर आला. मग माणसं आली. पाठमोरी.

आधी कुणाला काही वाटलं नाही. वळतील, म्हणून लोक थांबले. दोर आत येत होता, माणसं मागे सरत होती, पाठी मोठ्या होत होत्या, उघड्या, काळ्या, घामानं चकाकणाऱ्या, खांद्याची हाडं वरखाली होणाऱ्या. आणि पडद्याच्या काठाशी आल्या की तशाच पाठमोऱ्या बाहेर जात होत्या. मग पुढची रापण. पुन्हा पाठी. समुद्राकडे बघून ओढणारी माणसं किनाऱ्यावर ठेवलेल्या कॅमेऱ्याला दुसरं काय दाखवणार? फ्रान्समध्ये गाजलेलं आमचं गाव ते हे.

मला हसू येत होतं. काकीचा हात माझ्या हातात होता.

तेवढ्यात मागून एका बाईचा आवाज आला, "तो बघ, आमचो बाबा. डावो खांदो बघ, खाली." कुणीतरी म्हणालं, व्हय, तोच. मग तिकडून आवाज आला, पाठीवर डाग तो गुणो. त्याच्या पुढचा आबा, आणि त्याला चिकटून ओढतो तो त्याचा वैरी. आणि मग धरणच फुटलं. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. मानेवरून, कमरेच्या करगोट्यावरून, पाय टाकण्याच्या ढबीवरून माणसं ओळखू येऊ लागली. प्रत्येक पाठीला नाव मिळत होतं आणि नाव मिळालं की ते कुटुंब टाळ्या वाजवत होतं. नातवंडं आजोबांच्या पाठी बघून आपापल्या बापांच्या पाठींकडे वळून बघत होती. पडद्यावरून आरोळी आली की इकडची म्हातारी माणसं बसल्या जागी तिला उत्तर देत होती. मीही एकदा ओरडले. पडद्याच्या कोपऱ्यातून एक फ्रॉक पळत गेला होता, खिसे फुगलेला.

काकी एकटी गप्प होती. तिच्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, म्हणून मला वाटलं, दिसले असतील आणि ती मनातल्या मनात ठेवत असेल. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली. नाही. प्रत्येक नव्या रांगेला ती पुढे वाके, शेवटच्या माणसापर्यंत नजर नेई, आणि पुन्हा मागे टेके. सिनेमा संपला. सगळ्यांना आपापलं माणूस मिळालं होतं.

मग चर्चा. सुलोचना इंग्रजीत बोलायची आणि अभ्यासक तिचं मराठी करायचे. ती साधं काहीतरी म्हणायची, की इथं परत येऊन फार आनंद झाला. ते डोळे मिटून म्हणायचे, "हा किनारा म्हणजे माझ्या अंतर्मनाचं उगमस्थान आहे," आणि परिणामासाठी थांबायचे. पण गाऱ्हाणं नुकतंच झालं होतं. डोळे मिटून संथ सुरात बोलणारा माणूस वाक्याच्या शेवटी थांबला की काय करायचं हे आमच्या लोकांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. मागून तात्यांचा आवाज आला, "व्हय म्हाराजा." पुढच्या वाक्याला अर्धा मंडप होता. त्याच्या पुढच्या वाक्याला सगळा.

अभ्यासक गोंधळले. सुलोचनानं विचारलं, लोक काय म्हणताहेत? ते म्हणाले, सहमती दर्शवताहेत. तिचा विश्वास बसेना. आमच्याकडे सिनेमानंतर लोक फक्त भांडतात, ती म्हणाली, आणि हा सिनेमा इतका लांब का, असं विचारतात. त्यानंतर ती मुद्दाम छोटी वाक्यं बोलू लागली आणि प्रत्येक वाक्यानंतर भुवया उंचावून थांबू लागली. समुद्र मोठा आहे. व्हय म्हाराजा. मी म्हातारी झाले. व्हय म्हाराजा. यावर ती जी हसली, ती आमच्या पडवीतली सुलोचना होती.

मग अभ्यासकांनी त्यांचा ठेवणीतला मुद्दा काढला. या चित्रपटात एकही चेहरा नाही, ते म्हणाले. नावं नसलेला, ओळख नसलेला वैश्विक श्रमिक इथं आपल्याला भेटतो. आणि ते थांबले.

या वेळी 'व्हय म्हाराजा' आलं नाही. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच लाटांचा आवाज स्वच्छ ऐकू आला. वैश्विक श्रमिकाच्या तीन मुली दुसऱ्या रांगेतच बसल्या होत्या.

सुलोचनानं अभ्यासकांकडे पाहिलं, मग आमच्याकडे. तिचं उत्तर छोटं होतं. तिला चेहरे हवे होते. त्यासाठी कॅमेरा पाण्यात न्यायला हवा होता, म्हणजे होडीतून. पण कॅमेरावाल्याला बोट लागायची. पहिल्याच दिवशी त्याला इतक्या ओकाऱ्या झाल्या की तो परत होडीत चढलाच नाही. अभ्यासकांनी याचं मराठी करायला जरा वेळ लावला, तेव्हा मीच उठून सांगून टाकलं.

"व्हय म्हाराजा!" किनारा गर्जला.

मी उभीच होते, तोवर काकीनं माझा पदर ओढला आणि स्वतः उठली. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. अभ्यासकांनी आजींचा प्रश्न आहे म्हणून माईक पाठवला, तिनं तो हातानं बाजूला केला. तिचा आवाज भर बाजारात चाललेला आहे.

"तिका विचार," ती मला म्हणाली, "आमचे ते खंय आसत? सगळ्यांचे गावले. माका पाठ पण गावली नाय."

मी इंग्रजीत सांगितलं. फोटोचंही सांगितलं, बुरशीचं, कोटाचं. तोंडाचं नाही सांगितलं. ते मला सांगायला बंदी होती. पण सुलोचनाला कळलं असावं, कारण ती खुर्चीवरून उठून काकीपाशी आली आणि तिचा हात हातात घेऊन माझ्यामार्फत विचारू लागली. तो दोरावर असायचा का? काकी म्हणाली, कधी दोरावर, कधी होडीत, जिथं घालतील तिथं. होडी म्हटल्यावर सुलोचना थांबली. मग वळून तिनं अभ्यासकांना काहीतरी सांगितलं.

रापण ओढतात तेव्हा जाळ्याच्या मागे, दूर पाण्यात, एक लहान होडी असते. जाळं दगडात अडकलं तर सोडवायला एक माणूस. सिनेमात ती होडी एकदाच दिसते, शेवटाकडे, सगळा पडदाभर पाणी आणि मधे तिळाएवढा ठिपका. आम्ही पाठी ओळखण्यात इतके गुंतलो होतो की त्या ठिपक्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं. अभ्यासकांचा चेहरा मात्र उजळला. त्यांनी लॅपटॉपवर ते चित्र शोधून थांबवलं आणि सांगितलं, याच दृश्यावर फ्रान्समध्ये सर्वांत जास्त लिहिलं गेलं आहे. अथांग सागर आणि एकाकी मानव. त्यांनी ते चित्र मोठं करून बघितलं, तर मानवाचे चौकोन झाले. पुन्हा लहान केलं.

काकी पडद्याकडे चालत गेली. वाळूत पाय रुतत होते, पण तिनं मला येऊ दिलं नाही. पडद्याजवळ पोचली तेव्हा तिची सावली समुद्रावर पडली आणि होडी झाकली गेली. ती चटकन बाजूला झाली, जरा वाकली, आणि पडदा फुगून मागे सरला की तीही नाक पुढे करत, चष्मा कपाळावर सारून, तशीच बघत राहिली. पडद्याला वारा लागला की लाटा हलत होत्या, आणि होडीही.

तो एकटाच माणूस कॅमेऱ्याकडे तोंड करून होता. आणि एवढ्या लांबून तोंडाचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

मला वाटलं, आता ती मान हलवेल. सुलोचनानं माझा दंड घट्ट धरला होता. अभ्यासकांनी डोळे मिटले होते.

काकी सरळ झाली आणि आमच्याकडे वळली. पदर तोंडाशी, आणि खांदे गदागदा हलत होते. ती रडते आहे असं वाटून दोन बायका पुढे धावल्या. मग तिनं पदर काढला. ती हसत होती, इतकी की बोलता येत नव्हतं.

"तेच ते," ती म्हणाली. "सगळो गाव रापण वडता हा, आणि हे बसले आसत!"

किनारा फुटला. रामोकाकांना ओळखणारे सगळे एकदम बोलू लागले, व्हय, रामोच, असोच बसायचो, एक पाय वर घेवन. काकीला दोघींनी धरून आणलं तरी तिचं हसणं थांबेना. डोळे पुसत ती सांगत होती, आता आठवलं, तोंड पण आठवलं, असं तोंड करून बसायचे. तिनं ते तोंड करून दाखवलं. सुलोचना मला हलवून हलवून विचारत होती, काय म्हणाली, काय म्हणाली. मी सांगितलं.

सुलोचना पुन्हा त्या ठिपक्याकडे वळली. मग तिनं विचारलं की जाळं दगडात अडकलं नाही, तर त्या होडीतल्या माणसाला काय काम असतं.

काही नसतं, मी म्हटलं. मासळीचा वाटा मात्र पूर्ण मिळतो.